अंड्यांचा आकडा छापायचा नाही

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आईने फोनवर विचारलं, की कट्ट्यावरच्या मंडळींना इथे बेटावरच्या आमच्या फौजी तळावर निघतो तसा विनोदी अंक काढायचाय, तर "कृती काय ती कळव." जणू अनारशांचीच कृती. तर कळवते. बाबा, उभा जन्म नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये काढलेल्या माणसाला मी छपाई सांगायची, म्हणजे रामकुंडावर जाऊन पाणी विकण्यासारखं आहे. पण तुमचा हिशेब लाखांचा होता, इथे प्रश्न पंचवीस प्रतींचा असतो, आणि पंचवीस प्रतींचं शास्त्र वेगळं.

ए-फोरचा एक कागद आडवा धरून मधोमध दुमडायचा. झाली चार पानं. हाताने लिहिलं तर एका पानावर दीडशे ते पावणेदोनशे शब्द मावतात, म्हणजे चित्रं धरून सगळा अंक पाचशे शब्दांचा. एवढाच ठेवा. आठ पानी करायचा मोह पहिल्या अंकानंतर लगेच होतो. मग मजकूर कमी पडतो, त्या जागेत कुणाची तरी चारोळी घुसते, आणि तिसऱ्या अंकाला दुकान बंद. तुमच्या वाचकांची वयं पाहता अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, त्यामुळे ए-फोर अपुरा पडेल. तुम्ही ए-थ्री घेऊन दुमडा. शब्द मात्र पाचशेच. कागद वाढला म्हणून मजकूर वाढवायचा नाही.

महिन्यातून दोनदा काढावा. दर आठवड्याला काढला तर लिहिणारे दमतात, महिन्याने काढला तर विनोद शिळा होतो.

आता मुख्य गोष्ट. असा अंक बातमी द्यायला नसतोच. बेटावर बातमी सगळ्यांना आधीच ठाऊक असते: जहाज आलं नाही, भाजी संपली, जनरेटर बसला. जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही, ती सरकारी भाषेत छापली की हसू येतं. म्हणून अंकाचा साचा आदेशपत्रकाचा घ्यायचा. विषय, संदर्भ, परिच्छेद १, उपपरिच्छेद (क), प्रत माहितीसाठी रवाना. साचा जितका कडक, तितका आतला किरकोळपणा खुलतो. फौजी माणूस दिवसभर हीच भाषा वाचत असतो, त्यामुळे त्याला ती ओळखीची खूण पटते. लिहिणाऱ्याने स्वतः हसायचं नाही. उद्गारचिन्ह दिसलं की कापायचं, आणि कंसात "हा हा" लिहिणाऱ्याला पुढचे दोन अंक नुसती घडी घालायचं काम द्यायचं.

नमुने देते, म्हणजे सूर कळेल. त्यातला लंगर म्हणजे आमचं फौजी स्वयंपाकघर.

हवामान: सकाळी पाऊस. दुपारी सकाळचा उरलेला पाऊस. रात्री ताजा.

विकणे आहे: चारही बाजूंनी समुद्र असलेली प्रशस्त जागा. नळाला पाणी एक दिवसाआड.

लंगर वार्ता: आजच्या भेंडीचा कालच्या भेंडीशी काहीही संबंध नाही, असा खुलासा करण्यात आला आहे.

डाक: दिवाळी अंक पोहोचले. सर्वांना होळीच्या शुभेच्छा.

प्रत्येकाच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे बघा. भेंडी खरंच दोन दिवस होती. मनाने रचलेला विनोद बेटावर चालत नाही. तो वाचून लोक "कधी झालं हे?" असं विचारतात, आणि तिथे तो मेला.

जाहिराती मात्र भरपूर हव्यात, चारातलं जवळजवळ एक पान. १९१६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधल्या ईप्र गावात ब्रिटिश पलटणीला पडक्या घरांत एक छापखाना सापडला आणि त्यांनी खंदकातलं वर्तमानपत्र सुरू केलं. टॉमीला, म्हणजे साध्या ब्रिटिश शिपायाला, 'ईप्र' म्हणता येईना, तो 'वायपर्स' म्हणे, म्हणून पत्राचं नाव 'वायपर्स टाइम्स'. छपाईच्या अक्षरांचे खिळे इतके तोकडे, की एक पान जुळवायचं, छापायचं, खिळे सोडवायचे आणि मग पुढचं पान. त्यातल्या खोट्या जाहिराती शंभर वर्षांनंतरही टिकून आहेत. ज्या टेकडीसाठी माणसं मरत होती, ती टेकडी बांधकामाची जागा म्हणून विकायला काढलेली. अग्रलेख शिळे झाले, जाहिराती नाही. कारण जाहिरात तीन ओळींत संपते आणि तिचा साचा सगळ्यांना पाठ असतो.

बेटांचंच म्हणाल तर दोन उदाहरणं कट्ट्यावर जरूर सांगा. ब्रिटिश दर्यावर्दी पॅरीची दोन जहाजं १८१९–२० चा हिवाळा उत्तर ध्रुवाकडच्या मेलव्हिल बेटापाशी बर्फात अडकून होती. कित्येक आठवडे सूर्य नाही. तिथे एडवर्ड सबाइन या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने दर आठवड्याला हस्तलिखित पत्र काढलं, एकूण २१ अंक. लेख निनावी घ्यायचे. जे काहीच लिहून देत नसत त्यांचीच अंकात टर उडवली जाई, हा उपाय आजही लागू पडतो. दुसरं, दुसऱ्या महायुद्धातलं अलास्काच्या टोकाकडचं एडॅक बेट. वारा, धुकं, चिखल. तिथल्या सैन्याचं रोजचं पत्र १९४४ पासून डॅशियल हॅमेट चालवत होता, पोलादी गुप्तहेरांच्या कादंबऱ्या लिहिणारा, पन्नाशीला टेकलेला साधा कॉर्पोरल. मिमिओग्राफवर, म्हणजे तुमच्या सायक्लोस्टाईलवर. व्यंगचित्रं स्टेन्सिलवरच कोरत, आणि त्यातला नायक बहुधा तिथला वाराच.

आपलं 'सैनिक समाचार' हे १९०९ साली अलाहाबादला निघालेल्या 'फौजी अखबार'चं १९५४ पासूनचं नाव. पण ते सरकारी, त्याची जात वेगळी. घरगुती अंक हा नेहमी कंटाळ्याच्या पोटी जन्मतो. त्या बाबतीत आपण नाशिककर मागे नाही. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात ते आपल्या देवळालीवरून! तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर महिनोन् महिने बसत. हंगामातलं शेवटचं जहाज चुकलं की पुढचा हंगाम. मूळ शब्द 'डूलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. त्यांनी वेळेवर चार पानी अंक काढला असता तर आपल्या गावाचं नाव शब्दकोशात वेड्यांच्या यादीत गेलं नसतं, असं मला वाटतं.

कुणावर हसायचं आणि कुणावर नाही, हे पहिल्या अंकाआधीच ठरवून घ्या. वर हसायचं, खाली नाही. आमच्याकडे कमांडिंग ऑफिसरची परवानगी एकदाच घेतात आणि नंतर दर अंकात त्यांना एक चिमटा असतो. नसला तर तेच विचारतात. हवामान, जहाज, जनरेटर, उंदीर, खेकडे यांच्यावर कितीही. लंगरच्या आचाऱ्यावर लागोपाठच्या दोन अंकांत नाही, कारण अंक पंधरा दिवसांनी निघतो पण वरण रोज त्याच्या हातचं असतं. रद्द झालेली सुट्टी, घरचं आजारपण, कुणाची बायको, कुणाची बोलण्याची ढब, हे वर्ज्य. अंदमान-निकोबार कमांड २००१ पासून तिन्ही दलांची एकत्र आहे, त्यामुळे इकडे टोमण्यांची वाटणीही सारखी करावी लागते: "समुद्र नौदलाचा, आकाश हवाई दलाचं, उरलेला चिखल पायदळाने सही करून ताब्यात घेतला." पुढच्या अंकात नौदलाची पाळी. हा हिशेब वहीत ठेवतात. कट्ट्यावरही ठेवा, नाहीतर जेलरोडवाले म्हणतील बिटको चौकवाले सुटले.

शब्दांच्या कोट्या टाळायच्या. एकाच बराकीत गढवाली, मल्याळी, तमिळ, बंगाली, मराठी माणूस असतो. कोटी हिंदीत केली की निम्मे हसतात आणि उरलेले कारण विचारतात. चित्र सगळ्यांना कळतं. घड्याळ हा इथला हमखास विषय. बेटं तुमच्यापासून वीस अंश पूर्वेला आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळे पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळच्या चहाबरोबर सूर्य बुडतो. चहाचा कप आणि त्यात बुडणारा सूर्य, एवढ्या चित्रावर अर्धं पान जातं.

आता गुप्ततेचं. बाबा, हे तुम्हाला लगेच पटेल. जहाजाचं नाव, येण्या-जाण्याची तारीख, कोण सुट्टीवर, कोणतं यंत्र बंद, बेटाचं नाव: यातलं काही छापत नाहीत. हे उघडच आहे. न दिसणारं असतं ते धोक्याचं. "आज न्याहारीला २४० अंडी फुटली" हा चांगला विनोद आहे, पण माणशी दोन अंडी धरली की आमची संख्या कुणीही काढील. म्हणून अंड्यांचा आकडा छापायचा नाही, "पुरेशी अंडी" छापायचं. पाण्याच्या टाकीची क्षमता, धोब्याकडे गेलेल्या चादरी, व्हॉलीबॉलचे संघ किती, सगळ्यांना हाच नियम. चित्राच्या मागे अँटेना किंवा उंचवटा आला तर पुसायचा, त्या जागी नारळाचं झाड. आमच्या अंकातलं बेट म्हणूनच फार नारळांचं दिसतं. छापण्याआधी तीन जण वाचतात: अ‍ॅड्ज्युटंट (कमांडिंग ऑफिसरचा कामकाज पाहणारा अधिकारी), ज्याच्यावर विनोद आहे तो, आणि सगळ्यांत नवा जवान. नव्याला कळलं नाही तर तो विनोद जुन्यांचा खासगी आहे, काढायचा.

तुमच्याकडे याचंच रूप वेगळं. कोण अमेरिकेला मुलाकडे चाललंय, कुणाचं घर दोन महिने बंद, कुणाची ठेव पिकली, हे अंकात येता कामा नये. झेरॉक्सच्या दुकानात मूळ प्रत काचेवर राहून जाते, ती न विसरता परत घ्या.

छपाई. मूळ प्रत काळ्या जेल पेनने, ०.७ टोकाच्या. निळं बॉलपेन झेरॉक्सवर फिकं उमटतं, पेन्सिल जवळपास नाहीच. चारी कडांना एक सेंटिमीटर मोकळं सोडा, यंत्र काठापर्यंत छापत नाही. चित्रात मोठा काळा भाग भरू नका, टोनर तिथे ढगासारखा पडतो; तिरप्या रेघा मारा. एका बाजूला पान ४ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. हे तुम्हाला सांगायला नको, पण कट्ट्यावरच्या दुसऱ्या कुणी उत्साहाने हे काम हाती घेतलं तर सांगा, कारण सगळे पहिल्यांदा १ आणि २ शेजारी लावतात.

आमचा खरा शत्रू दमट हवा. ए-फोरचं ७५ ग्रॅमी रीम सव्वादोन किलोच्या थोडं वर भरतं, आणि फोडून ठेवलं की पाणी पिऊ लागतं. ओला कागद लेसर प्रिंटरमध्ये गेला की उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, टोनर नीट भाजला जात नाही, बोट फिरवलं की अक्षर पुसतं. शिवाय कागद वळतो आणि दुसरी बाजू छापताना हमखास अडकतो. उपाय जुनेच. लागतील तेवढेच कागद काढायचे, बाकीचे वेष्टनात गुंडाळून हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर तास-दोन तास तापवायचं, पुन्हा निळं होतं. लोखंडी कपाटात ६० वॅटचा पिवळा दिवा अखंड जळता ठेवणं ही त्याहून जुनी आणि भरवशाची पद्धत, फक्त कागद दिव्यापासून वीतभर लांब. एक बाजू छापली की गठ्ठा पालथा करून, वर वजन ठेवून अर्धा तास थांबायचं, मग दुसरी. इंकजेट इथे कामाचा नाही. शाई दमट कागदावर पसरते आणि ओल्या हाताने वाहते. लेसर छोट्या यूपीएसवर लावायचा नाही. तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस शिटी मारून मान टाकतो. जनरेटरवरही लंगरचा फ्रीझर आणि प्रिंटर एकाच वेळी सुरू होणार नाहीत असं बघावं लागतं. नाशिकला हे फक्त आषाढ-श्रावणात भोगावं लागेल.

प्रिंटरच बसला तर? त्यासाठी जेलीची पाटी यायला हवी. आई, ही तुझ्यासाठी, नातवंडं आली की करून बघ. जांभळी छपाई, हेक्टोग्राफ. बिनचवीचं जिलेटिन ६० ग्रॅम, गार पाणी २०० मिली, ग्लिसरीन ४०० मिली. जिलेटिन हाडा-कातड्यांपासून करतात, तेव्हा देवघरासमोरच्या शेगडीवर नको आणि पातेलंही टाकाऊ घे. जिलेटिन पाण्यात तासभर फुगू दे. ग्लिसरीन घालून पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेव, सावकाश ढवळ, उकळी येऊ देऊ नकोस. उकळलं की जेलीचा जोर जातो. ए-फोर मावेल अशा ट्रेमध्ये ओत, साधारण एक सेंटिमीटर थर बसेल. वरचे बुडबुडे कागदाच्या कडेने लगेच ओढून घे. राहिलेल्या प्रत्येक बुडबुड्याच्या जागी एक अक्षर कमी छापलं जातं. झाकून रात्रभर ठेव.

मूळ प्रतीला हेक्टोग्राफचा कार्बन लागतो. पूर्वीची कॉपिंग पेन्सिल आता शोधावी लागते, पण गोंदवणारे नक्षी उतरवायला जो जांभळा कागद वापरतात तो तोच. कॉलेज रोडला कुठल्याही टॅटूवाल्याकडे मिळेल. बाबांना पाठव, त्यांना बघून टॅटूवाले दचकतील तेवढाच विरंगुळा. जेलीवर ओला स्पंज फिरवून रद्दी कागदाने टिपून घ्यायचं, मूळ प्रत पालथी दोन-तीन मिनिटं दाबून ठेवायची आणि एका कोपऱ्याने सोलायची. अक्षर जेलीवर उलटं दिसेल, प्रतीवर सुलटं येईल. मग कोरा कागद ठेवून तळहाताने चोळायचा. पहिल्या पाच प्रतींना काही सेकंद पुरतात, पुढे वेळ वाढवत न्यायचा. नाव शंभराचं असलं तरी तीस-चाळीस प्रती निघाल्या की पुष्कळ. काम झालं की लगेच कोमट स्पंजाने पुसून घ्यायचं, नाहीतर दिवसभर ठेवायचं, म्हणजे शाई खाली उतरते. बिघडतं ते दोनच कारणांनी. पाणी जास्त राहिलं तर अक्षर फुटतं, आणि उन्हाळ्यात जेली मऊ होऊन कागदाला चिकटते. इथे बारमाही उन्हाळा, म्हणून जिलेटिन ८० ग्रॅम घालावं लागतं आणि छपाई पहाटे उरकावी लागते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत साठ ग्रॅमवर छान निघेल. जांभळा रंग बोटांवरून चार दिवस जात नाही, हातमोजे घाल.

बाबा, कट्ट्यावर कुणाकडे जुनं सायक्लोस्टाईल यंत्र असल्याचं तुम्ही म्हणाला होतात. स्टेन्सिल मिळाल्या तर जरूर वापरा, एका स्टेन्सिलवर काही शेकडा प्रती सहज निघतात. फक्त देवनागरी हाताने कोरताना शिरोरेषा सलग ओढू नका. सलग रेघ म्हणजे मेणकागदाला दिलेला काप. रोलर फिरला की कागद त्याच रेघेवर उसवतो आणि अख्खी ओळ शाईने भरते. शब्दागणिक तुटक, हलक्या हाताने शिरोरेषा द्या, आणि मोडीसारखी ती आधी ओढून ठेवायचा मोह तर अजिबात नको. 'ठ', 'ळ' यांची बंद वर्तुळं पूर्ण कोरली की आतला तुकडा गळून पडतो आणि काळा ठिपका छापला जातो. वर्तुळ केसभर उघडं ठेवायचं. आणि कागद गुळगुळीत नको, शाई पिणारा खरखरीत हवा, नाहीतर एका प्रतीची शाई दुसरीच्या पाठीवर उठते.

वाटप सोपं. घरटी एक प्रत देऊ नका. आमच्याकडे चार-पाच जणांत एक प्रत असते, कारण हा अंक एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी मध्ये बोलायचं असा आहे. एक प्रत लंगरच्या फलकावर, एक फाइलला. फाइलच्या प्रती पिन मारून ठेवत नाहीत. खाऱ्या हवेत पिन गंजते आणि तपकिरी डाग पानभर पसरतो. सुई-दोऱ्याने दोन टाके.

पहिल्या अंकासाठी विषय शोधत बसू नका. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला वार्ताहर नेमा. पावसाळ्यात पाणी कुठवर आलं हे त्याच्याइतकं खात्रीने कुणी सांगत नाही, आणि दोन तोंडं असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या बातम्या त्याच्याकडे असतात. उन्हाळ्यात तो रजेवर. रस्त्यातल्या खड्ड्यांची राशिभविष्यं, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं वाचकांना पत्र, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) पडलेल्या चष्म्यांची हरवले-सापडले यादी: एवढ्यात चार पानं भरतील. आईचा उकडीच्या मोदकांवरचा राग 'लंगर वार्ता'त जाऊ द्या, पण मोदक करणाऱ्या काकूंना आधी वाचून दाखवा.

अंक निघाला की एक प्रत मला पाठवा. तीनदा दुमडू नका, दमटीत घडीवरची अक्षरं आधी जातात; पुठ्ठ्याचा तुकडा घालून सपाट पाठवा आणि वरून प्लास्टिकची पिशवी. पाकिटावर बेटाचं नाव नको, नंबर, नाव आणि एपीओचा (फौजी टपालघराचा) पत्ता एवढंच. संकष्टीला टाकलात तर पुढच्या संकष्टीपर्यंत मिळेल.

तुमची,
धाकटी